शोध यंत्राचा, सही माणसाची

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात ४१ इमारती पाडल्या गेल्या. ज्या जमिनीवर त्या उभ्या होत्या, तिच्यावर विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे आणि कचराभूमीचे आरक्षण होते. बनावट कागदपत्रे दाखवून तिथल्या सदनिका विकल्या गेल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जुलै २०२४ मध्ये पाडकामाचा आदेश झाला, सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या घरासमोर माणसे उभी होती आणि जेसीबी भिंतीला लागला होता.

इमारत ही काही लपवता येणारी वस्तू नाही. ती एका रात्रीत उभी राहत नाही. पाया खणला जातो, सिमेंटच्या गाड्या येतात, स्लॅब पडतात, मग विजेचे मीटर लागतात, नळजोडण्या होतात, भाडेकरार होतात. प्रत्येक टप्प्यावर कुठल्या ना कुठल्या सरकारी दप्तरात नोंद पडते. आरक्षणाची नोंद नगररचना विभागात, विजेची महावितरणकडे, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, घरपट्टी कर विभागात. अनधिकृत बांधकामाला शास्ती लावून कर आकारण्याची तरतूद तर महापालिका कायद्यातच आहे. म्हणजे एकाच इमारतीची एका टेबलावर पावती फाटते आणि दुसऱ्या टेबलावर ती अस्तित्वातच नसते.

सरकारी कामात कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) कशासाठी आणायची, या प्रश्नाचे उत्तर वसई-विरारमध्ये इथून सुरू होते. विखुरलेल्या नोंदी एकत्र वाचणे, लाखो घरांतून संशयास्पद ते वेगळे काढणे, हजारो तक्रारींतून आजच धावून जावे अशी तक्रार वर आणणे, हे काम यंत्र माणसापेक्षा किती तरी वेगाने करते. पण जे यंत्र बनावट इमारत शोधते, तेच यंत्र उद्या गरजू बाईचे नाव लाभाच्या यादीतून उडवू शकते. तंत्र एकच असते. फरक पडतो तो यंत्राच्या उत्तरानंतर काय होते यामुळे. हा लेख त्या फरकाविषयी आहे.

चार शहरे, त्रेपन्न गावे आणि अनेक दप्तरे

वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून ती बनली. गावांचा समावेश करावा की नाही यावर पुढे वर्षानुवर्षे आंदोलने झाली, खटले चालले. महापालिका येण्याआधी या उपप्रदेशाचे नियोजन सिडकोकडे होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, तोवर महसुली कारभार ठाण्याहून चाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती आणि त्यानंतर विरार लोकलने इथे किती माणसे आणून सोडली हे फलाटावर उभे राहिले तरी कळते.

याचा दप्तरावर झालेला परिणाम समजून घ्यायला हवा. एखाद्या जुन्या घराची परवानगी ग्रामपंचायतीने दिलेली असते, शेजारच्या इमारतीला सिडकोने, पलीकडच्या संकुलाला महापालिकेने. सात-बारा तलाठ्याकडे, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे. जुने फेरफार हस्तलिखित, त्याहून जुने कागद मोडीत. वसईत तर त्याच्याही मागे पोर्तुगीज काळातल्या जमीनमहसुलाच्या नोंदी आहेत. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली, १८०२ साली याच गावी इंग्रजांशी तह झाला. प्रत्येक सत्तेने जमीन मोजली, नावे लिहिली, सारा ठरवला.

यंत्राला शिकवायचे म्हणजे त्याला नोंदी द्यायच्या. नोंद चुकीची असेल तर यंत्र चूकच शिकते आणि ती मोठ्या आत्मविश्वासाने परत सांगते. २०२३ मध्ये विरारमध्ये ५५ अनधिकृत इमारतींचे प्रकरण उघडकीला आले. त्यात सरकारी कार्यालयांचे बनावट शिक्के आणि परवानग्या वापरल्या होत्या आणि त्याच कागदांवर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणीही मिळवली होती. तिथे फसवणूक कागदाच्या पातळीवर झाली होती. असा कागद स्कॅन करून कितीही हुशार यंत्रापुढे ठेवला, तरी परवानगी देणाऱ्या कार्यालयाच्या मूळ नोंदवहीशी तो ताडून पाहिल्याशिवाय खरे-खोटे ठरत नाही. त्यासाठी बुद्धिमान यंत्र लागतच नाही. दोन कार्यालयांच्या संगणकांनी एकमेकांना विचारण्याची सोय लागते. म्हणून कुठल्याही महापालिकेने एआयवर खर्च करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या परवानग्यांची यादी पूर्ण, एकत्र आणि लोकांना पाहता येण्याजोगी आहे का?

जुन्या कागदांच्या बाबतीत मात्र एआयचा खरा उपयोग दिसू लागला आहे. मोडी वाचणारी माणसे थोडी आणि मोडी कागद मात्र कोट्यवधी. आयआयटी रुरकी आणि पुण्यातील अभियांत्रिकी संस्थांच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी एआय प्रणाली मांडली. अशी प्रणाली पहिला कच्चा मसुदा देईल, जाणकार तो तपासेल, आणि जिथे वर्ष लागले असते तिथे महिना लागेल. जमिनीच्या वादात मात्र त्या मसुद्यावर निकाल देता येणार नाही. एक अक्षर चुकले तर गट बदलतो, वारस बदलतो.

आकाशातून दिसणारे घर

आता अनधिकृत बांधकाम शोधण्याच्या तंत्राकडे जवळून पाहू. उपग्रहाने एकाच जागेची दोन वेळी घेतलेली छायाचित्रे यंत्रापुढे ठेवली जातात. छायाचित्र हे लहान लहान चौकटींचे बनलेले असते. प्रत्येक चौकटीत तिथून परत आलेल्या प्रकाशाची मोजणी असते. गवत, पाणी, माती, सिमेंटचा पत्रा यांची मोजणी वेगवेगळी येते. पूर्वी जिथे गवताची मोजणी होती तिथे आता पत्र्याची दिसते, इतके यंत्राला कळले की ते त्या जागेवर खूण करते. माणसाने आधी खुणा केलेली हजारो उदाहरणे दाखवून यंत्राला हे शिकवलेले असते.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे कोणालाही फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते. त्यांतली सर्वांत बारीक चौकट १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरची. आता पेल्हार, धानिव, संतोष भुवन या पट्ट्यात उभी राहणारी चाळीची खोली डोळ्यांसमोर आणा. दहा फूट बाय बारा फूट. ती अकरा चौरस मीटर भरते. उपग्रहाच्या एका चौकटीत अशा नऊ खोल्या मावतात. यंत्राला डोंगर पोखरलेला दिसेल, पाणथळ जागेवर टाकलेला भराव दिसेल, तिवरांची कत्तल दिसेल, पण एकेक खोली दिसणार नाही. त्यासाठी अधिक बारीक आणि महाग छायाचित्रे किंवा ड्रोन लागतो. महाराष्ट्रात नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या क्षेत्रात दीर्घकाळ काम करत आहे, तेव्हा महापालिकेला हे ज्ञान दूरदेशाहून आणावे लागणार नाही.

दुसरी अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी भरलेले असते, आणि बेकायदा बांधकाम करणाऱ्यांना हे दिवस पथ्यावर पडतात, कारण पावसाळ्यात सहसा तोडक कारवाई होत नाही. ढगांतून पाहणारी रडार छायाचित्रे असतात, पण ती वाचायला अधिक कौशल्य लागते. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर घराघरांवर निळी ताडपत्री चढते. जुन्याच छपराचा रंग बदलतो आणि यंत्राला वाटते नवे बांधकाम झाले.

शंभरातले पंच्याण्णव म्हणजे किती?

कंपन्या आपली प्रणाली विकायला येतात तेव्हा सांगतात, अचूकता ९५ टक्के. ऐकायला फार छान वाटते. हिशेब करून पाहू. समजा एका भागात १ लाख बांधकामे आहेत आणि त्यांपैकी १ हजार खरोखर नव्याने झालेली अनधिकृत आहेत. ९५ टक्के अचूक यंत्र त्या हजारांपैकी ९५० पकडेल, ५० सुटतील. उरलेली ९९ हजार बांधकामे निर्दोष आहेत. त्यांच्याबाबत यंत्र १०० पैकी ५ वेळा चुकणार, म्हणजे ४,९५० निर्दोष घरांवर लाल खूण पडणार. एकूण खुणा झाल्या ५,९००. त्यांतल्या खऱ्या ९५०. लाल खूण पडलेल्या सहा घरांपैकी जेमतेम एक घर खरोखर दोषी.

यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ नाही. एक लाख घरे पायी हिंडून पाहण्याऐवजी अभियंत्याला सहा हजार घरेच पाहावी लागली, हा मोठाच फायदा आहे. पण हीच खूण थेट नोटिशीत बदलली असती तर सहापैकी पाच नोटिसा चुकीच्या दारावर चिकटल्या असत्या. यंत्राची खूण हा चौकशीचा आरंभ असतो. पंचनामा, मोजणी, कागदपत्रांची तपासणी आणि सुनावणी झाल्यावरच तो निर्णय होतो.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात पाडकामासाठी घालून दिलेले नियम याच दिशेचे आहेत. पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, कारणांसह लेखी आदेश, आणि नोटिसा व आदेश पाहता येतील असे डिजिटल पोर्टल. रस्त्यांसारख्या सार्वजनिक जागांवरची अतिक्रमणे आणि कोणत्याही न्यायालयाने दिलेले पाडकामाचे आदेश यांना हे नियम लागू नाहीत. बाकी ठिकाणी ते यंत्रालाही बांधणारे आहेत.

इथे वसई-विरारचे एक कडू सत्य सांगायलाच हवे. या शहरात न दिसल्यामुळे राहिलेली बांधकामे थोडी. दिसूनही राहिलेली जास्त. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेच्या विजय नगरात रमाबाई अपार्टमेंटचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. ती इमारत अनधिकृत होती आणि वर्षानुवर्षे माणसे तिच्यात राहत होती. यंत्राने आणखी दहा हजार खुणा करून दिल्या आणि पुढे कारवाईचे टेबल तेवढेच थंड राहिले, तर खुणांचा ढीग वाढेल, माणसे वाचणार नाहीत. म्हणून खूण केव्हा पडली, ती कोणाकडे गेली, त्याने किती दिवसांत काय केले, हे लोकांना दिसले पाहिजे. एआयचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे. ज्याला माहीत होते त्याला ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय ते उरू देत नाही.

पाणी कुठे साचणार?

वसई-विरारची भूमी बशीसारखी आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रेल्वेरूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसे अडकली, घराघरांत दिवसचे दिवस पाणी होते. त्यानंतर आयआयटी मुंबई आणि नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था यांच्या तज्ज्ञांकडून महापालिकेने अभ्यास करून घेतला. त्यांच्या शिफारशींमध्ये पावसाचे पाणी काही काळ साठवून धरणाऱ्या धारण तलावांवर भर होता.

शेजारच्या मुंबईसाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने आणि बृहन्मुंबई महापालिकेने १२ जून २०२० रोजी आयफ्लोज ही पूरसूचना प्रणाली सुरू केली. पावसाचा अंदाज, भरती-ओहोटी, जमिनीचा उतार, नाल्यांची क्षमता हे सारे एकत्र करून कुठल्या भागात किती पाणी चढेल याचा अंदाज ती देते. यंत्राला अशा कामात शिकायला भरपूर उदाहरणे लागतात. प्रत्येक पावसाळ्यात कुठल्या चौकात कधी, किती फूट पाणी होते, याची नीट नोंद ठेवली तर चार-पाच पावसाळ्यांत वसई-विरारकडे स्वतःची मौल्यवान माहिती तयार होईल. ही नोंद ठेवायला साधी मोजपट्टी रंगवलेला खांब आणि रोज लिहिणारा माणूस पुरेसा आहे. आणि इथे यंत्र चुकले तरी फार तर पंप एका चौकात विनाकारण नेऊन ठेवले जातील, कोणाचा हक्क जाणार नाही. सुरुवात करण्यासाठी अशीच कामे उत्तम.

तक्रार कोणाच्या भाषेत?

२०२५ मध्ये राज्य सरकारने कार्यालयांसाठी १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्स सुधारणा कार्यक्रम घेतला. संकेतस्थळ, आपले सरकार पोर्टल, ई-ऑफिस, डॅशबोर्ड, व्हॉट्सॲप सेवा, जीआयएस यांबरोबर एआयचा वापर हाही त्यातला एक निकष होता. त्याच वर्षी आपले सरकारच्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी राज्याने मेटा कंपनीशी करार केला. आंध्र प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये ‘मन मित्र’ या नावाने असाच मार्ग उघडला होता.

समजा विरारच्या मनवेलपाड्यातून एक निरोप येतो, “शाळेच्या गेटसमोरचा चेंबर ओपन आहे, काल पोरगं पडता पडता वाचलं.” यंत्राने यातून तीन गोष्टी काढायच्या. ठिकाण, विषय आणि निकड. ‘चेंबर ओपन’ म्हणजे मलनिस्सारण की पर्जन्यवाहिनी, हे त्याला त्या रस्त्याच्या नकाशावरून ठरवावे लागेल. आणि निकड कुठे आहे? ती ‘पडता पडता वाचलं’ या शब्दांत आहे. केवळ ‘चेंबर’, ‘झाकण’ असे शब्द मोजणारी जुनी प्रणाली ही तक्रार किरकोळ दुरुस्तीत टाकेल आणि ती आठवडाभर पडून राहील. वाक्याचा अर्थ धरणारी नवी भाषा-प्रारूपे तिला वर आणू शकतात. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलसाठी आयआयटी कानपूरने अशी छाननी करणारी प्रणाली उभी केली आहे, तिची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली.

पण हा निरोप मराठीत होता. वसईच्या पश्चिम पट्ट्यात सामवेदी समाजाची कादोडी आहे, वाडवळी आहे, कोळी आणि आगरी बोली आहेत. पूर्वेकडे उसगाव, भाताणे, पारोळच्या पाड्यांत वारली आणि कातकरी बोलतात. नालासोपाऱ्यात हिंदी, भोजपुरी, गुजराती. भारतीय भाषांत भाषांतर करणारा आणि बोलणे ओळखणारा केंद्राचा भाषिणी प्रकल्प राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांना पुढे ठेवून उभा आहे. कादोडी आणि वारली त्यांत नाहीत. बोलणे ओळखणारे यंत्र त्या भाषेच्या ध्वनिमुद्रणांवर शिकते, आणि ज्या बोलीचे ध्वनिमुद्रण जवळपास नाही तिच्यासाठी ते बहिरेच राहते. वयस्कर आजी बोलू लागतील आणि यंत्र पुन्हा पुन्हा ‘समजले नाही’ म्हणेल, तर त्यांना सरकारनेच तसे म्हटल्यासारखे वाटेल. म्हणून प्रत्येक व्हॉट्सॲप सेवेत ‘माणसाशी बोला’ हा पर्याय पहिल्याच पडद्यावर असावा. सेतू केंद्रातला, प्रभाग समितीतला माणूस एआय आल्यावर कमी करायचा नाही. यंत्राने त्याचा वाचवलेला वेळ अशा माणसांसाठी वापरायचा.

आणखी एक धोका आहे. भाषा-प्रारूप पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधत वाक्य रचते, त्यामुळे खोटेही अस्खलित बोलते. न्यूयॉर्क शहराने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यावसायिकांना नियम सांगणारा चॅटबॉट सुरू केला. मार्च २०२४ मध्ये पत्रकारांनी तो तपासला तेव्हा मालकाला नोकरांच्या बक्षिशीतला वाटा घेता येतो, असे बेकायदा सल्ले तो देत होता. आपल्याकडे चॅटबॉटने उत्पन्नाच्या दाखल्याला न लागणारा कागद मागितला तर मोखाड्याच्या मजुराची रोजी बुडते आणि एसटीचे भाडे फुकट जाते. उत्तराबरोबर शासन निर्णयाचा क्रमांक आणि मूळ मजकूर दाखवणे हा यावरचा व्यवहार्य उपाय आहे. आणि चॅटबॉटने दिलेली माहिती ही कार्यालयानेच दिलेली माहिती मानली जाईल, हे कार्यालयाने लेखी मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाच्या चॅटबॉटबाबत हेच म्हटले. यंत्राने सांगितलेल्या चुकीची जबाबदारी कंपनीचीच.

पोलिसांच्या कामातही हा प्रवाह आला आहे. मार्च २०२४ मध्ये राज्याने पोलिसांच्या कामात एआय आणण्यासाठी नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. तिच्या सहभागातून बनलेली महाक्राइमओएस प्रणाली नागपूरच्या २३ पोलीस ठाण्यांत वापरून झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये ती राज्यातील सर्व १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. फिर्याद वाचून तपासाची दिशा सुचवणे, बँकांना आणि मोबाइल कंपन्यांना जाणाऱ्या पत्रांचे मसुदे करणे, हे तिचे काम. सायबर फसवणुकीत पहिले काही तास फार मोलाचे असतात, त्यामुळे मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयासारख्या वाढत्या भागाला ही मदत हवीच आहे. तपास अधिकाऱ्याने मसुदा वाचून सही केली पाहिजे, ही अट तिथेही कायम राहते.

नाव कापणारे यंत्र

आतापर्यंतच्या उदाहरणांत यंत्र चुकले तर वेळ जातो, मनस्ताप होतो. लाभाच्या योजनांत ते चुकले तर घरातली चूल बंद पडते.

तेलंगणाने ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली उभी केली. वाहन नोंदणी, मालमत्ता, वीजबिल अशा अनेक नोंदी जोडून ती प्रत्येक कुटुंबाचे चित्र बनवते आणि अपात्र वाटणारी नावे पुढे करते. नावाच्या साधर्म्यामुळे गरीब माणूस चारचाकीचा मालक ठरला आणि रेशन कार्ड गेले, अशी प्रकरणे पुढे आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष जाऊन फेरपडताळणी करायला सांगितले.

हा धोका वसईत अधिक तीव्र आहे. डिमेलो, डीमेलो, डिमेल्लो. लोपीस, लोपिस, लोपेस. एकच आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, सात-बारावर तिसरे. पाटील, म्हात्रे, वर्तक यांच्यात सारखी नावे गल्लोगल्ली. नावे जुळवणारे यंत्र फार कडक ठेवले तर एकाच माणसाची दोन माणसे होतात, सैल ठेवले तर दोन माणसांचा एक होतो. कडक आणि सैल यांच्यामधली रेषा कोणी तरी संगणकात एका आकड्याने आखलेली असते. तो आकडा कोणी ठरवला, कशावरून ठरवला, हे ज्याचे नाव कापले जाते त्याला कधी कळत नाही.

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. महिन्याला १,५०० रुपये. पुढे वेगवेगळ्या विभागांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर जून २०२५ पासून २६ लाख ३४ हजार जणींचा लाभ थांबवण्यात आला. सुमारे १४ हजार पुरुषांच्या नावेही पैसे जात असल्याचे समोर आले. सार्वजनिक पैशाची अशी पडताळणी आवश्यकच आहे. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. कुटुंबात चारचाकी आहे का, हे पाहायला परिवहन विभागाच्या यादीवर न थांबता अंगणवाडी सेविकांना घरोघरी पाठवले गेले. यादीतली गाडी वेगळ्या राहणाऱ्या दिराची असू शकते, विकून टाकलेली पण नाव न बदललेली असू शकते. हे उंबरठ्यावरच कळते. प्रत्यक्ष भेटीचा हा टप्पा लाभ थांबवण्याच्या आधी यायला हवा.

श्रीमंत देशांनीही याची मोठी किंमत मोजली. नेदरलँड्समध्ये कर खात्याने बालसंगोपन भत्त्यात फसवणूक शोधताना हजारो पालकांना चुकीने दोषी ठरवले. जोखीम मोजणाऱ्या प्रणालीत परदेशी नागरिकत्व हा जोखीम वाढवणारा घटक होता. अखेर जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून लोकांवर जादा मिळालेला सरकारी भत्ता परत करण्याच्या नोटिसा काढल्या गेल्या. २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्या कारभाराची चिरफाड केली. ते यंत्र अगदी साधे होते, केवळ भागाकार करणारे. पण सरासरी हीच चूक होती. पालघरच्या वीटभट्टी मजुराला ती लगेच समजेल. दिवाळीनंतर तो भट्टीवर जातो, पावसाळ्यात घरी येतो. सहा महिने मजुरी, सहा महिने उधारी. त्याच्या वर्षाच्या कमाईला बाराने भागले तर जो माणूस मिळतो, तो प्रत्यक्षात कुठल्याच महिन्यात जगत नसतो.

पदनिर्देशित अधिकारी

या सगळ्यावर नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क तो देतो. प्रत्येक सेवेसाठी एक पदनिर्देशित अधिकारी असतो. अर्ज फेटाळायचा तर त्याने लेखी कारण द्यायचे असते. वर पहिले अपील, दुसरे अपील, आणि राज्य आयोग. कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये तर निर्णयाने बाधित होणाऱ्या व्यक्तीला कारणे सांगणे हे कार्यालयाचे कर्तव्य ठरवले आहे.

या दोन कायद्यांचा सरळ अर्थ लावला तर ‘प्रणालीने नाकारले’ हे कारण होऊ शकत नाही. प्रणालीला पद नसते, तिच्याकडे अपील करता येत नाही, तिला दंड होत नाही. नकाराखाली नावानिशी अधिकारी हवा आणि त्याला कारण सांगता आले पाहिजे. ज्या प्रणालीचे उत्तर अधिकाऱ्यालाच समजावता येत नाही, ती प्रणाली नकारासाठी वापरण्यास अयोग्य आहे. हा निकष निविदा काढतानाच लावला पाहिजे. कंपनीने व्यापारी गुपित म्हणून हात वर केले तर खरेदी करू नये.

मंजुरीचे तसे नाही. सगळ्या नोंदी जुळत असतील तर दाखला यंत्राने त्याच मिनिटाला द्यावा. त्यात उशीर करण्याचे काही कारण नाही. ‘हो’ म्हणायला यंत्र चालेल, ‘नाही’ म्हणायला माणूसच लागेल, ही विभागणी कोणत्याही कार्यालयाला आजपासून पाळता येईल.

कुठून सुरुवात करावी

वसई-विरारसारख्या महापालिकेसाठी कामांचा क्रम असा असावा. पहिले काम यंत्राविना. मंजूर बांधकाम परवानग्यांची संपूर्ण यादी नकाशासह संकेतस्थळावर टाकणे, म्हणजे घर घेणारा माणूस इसाराआधी स्वतः पाहू शकेल. अग्रवाल नगरीतली किती तरी कुटुंबे एवढ्याने वाचली असती. दुसरे, ज्या कामांत यंत्राच्या चुकीने कोणाचा हक्क जात नाही अशी कामे. तक्रारींची छाननी, पाणी साचण्याचे अंदाज, जुन्या कागदांचे वाचन. तिसरे, उपग्रह आणि ड्रोनच्या खुणा, प्रत्येक खुणेमागे प्रभाग समितीतील जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि मुदत, आणि हे सगळे सार्वजनिक पटलावर. लाभ थांबवणे, कर वाढवणे, घर पाडणे यांना हात घालायचा तो सर्वांत शेवटी, आणि तोही प्रत्यक्ष पाहणी व सुनावणीसह.

दर वर्षी एक हिशेबही मांडला जावा. यंत्राने किती खुणा केल्या, किती खऱ्या निघाल्या, किती खोट्या, कुठल्या वस्तीत जास्त चुकले, चूक दुरुस्त व्हायला किती दिवस लागले. अंदाजपत्रकाबरोबर हा हिशेब महासभेपुढे आला तर नगरसेवकांना प्रश्न विचारता येतील, पत्रकारांना तपासता येईल आणि पुढच्या वर्षी यंत्रही सुधारेल.

या भागातल्या लोकांना प्रश्न विचारण्याची सवय आहे. टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध आणि बेसुमार बांधकामाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’चे आंदोलन इथेच उभे राहिले. विहिरीचे पाणी खारे का झाले, हे तेव्हा लोकांनी विचारले. आता विचारायचे प्रश्न आणखी काही आहेत. माझ्या अर्जावर निर्णय कोणी घेतला? कशाच्या आधारे? चुकला असेल तर दाद कोणाकडे मागायची? या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक दाखल्यावर, नोटिशीवर आणि नकारपत्रावर छापलेली असतील, तर एआय जरूर यावे, वेगाने यावे. ती छापण्याची तयारी नसेल, तर ती प्रणाली कितीही अचूक असो, सरकारने ती वापरू नये आणि नागरिकांनी ती खपवून घेऊ नये.